कांडीवालीची सुट्टी

"मग तो मोठा मुका आहे का?" आईने विचारलं.

जानेवारीतला रविवार होता. इचलकरंजीच्या आमच्या घराच्या मागच्या दारी आई उन्हात मटार सोलत बसली होती आणि मी तिच्यासमोर पायरीवर. समोरच्या हुपरेकाकूंनी तिला विचारलं होतं, तुमची उज्ज्वला पुण्यात कॉम्प्युटरवर नेमकं करते काय? आईला सांगता आलं नव्हतं आणि ते तिला लागलं होतं. "बँकेत आहे म्हटलं की कळतं. शाळेत शिकवते म्हटलं की कळतं. तुझं मी काय सांगू?" असं म्हणून तिने मला सकाळपासून धरून बसवलं होतं.

"मुका नाही गं. पण त्याला बाहेरच्यांशी बोलता येत नाही. फक्त शेजारच्याशी बोलतो."

"पहिल्यापासून सांग. मला काकूंना सांगायचंय."

मी पहिल्यापासून सांगितलं. आमची कंपनी गावोगावच्या छोट्या लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या फोनवर पोचवते, रक्ताचे, लघवीचे, साखरेचे. ते काम करणारा प्रोग्रॅम एका बंद डब्यात ठेवलेला असतो. त्याला कंटेनर म्हणतात. असे शेकडो डबे एका वेळी चालू असतात. कुठला कुठे चालवायचा, एखादा बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा कधी उभा करायचा, हे बघणारी एक मोठी यंत्रणा असते.

"मुकादम," आई म्हणाली.

"हो. आणि मी मुकादमावर लक्ष ठेवते."

"बरं. आणि शेजारचा कोण?"

"मोठा डबा एकटा नसतो. त्याच्याजवळ एक छोटा डबा असतो. दोघं एकाच जागेत राहतात. मोठ्याने फक्त रिपोर्ट तयार करायचा. तो बाहेर कुठल्या वाटेने न्यायचा, वाट बंद असली तर पुन्हा कधी जायचं, बाहेरचा निरोप आत कसा सांगायचा, हे सगळं छोटा बघतो. अगदी मोठ्याची काही तक्रार असली तरी ती छोट्यानेच बाहेर न्यायची. मोठ्याचं सगळं बोलणं त्या एकाशी."

"दोघांना मिळून काय म्हणता?"

"पॉड. म्हणजे शेंग."

आईने हातातली शेंग अंगठ्याने उकलली, आत बघितलं आणि दाणे पातेल्यात टाकले. "हे बरं आहे. हे सांगते काकूंना."

तेवढ्यात अप्पा मागच्या दारातून बाहेर आले. माझे वडील चौतीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, बिघडलेला माग चालू झाल्याशिवाय ज्याला जेवायला जाता येत नाही असा माणूस. एका शेडात ऐंशी माग. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आधी डावा, मग उजवा. पन्नाशीपर्यंत काही उरलं नव्हतं. एका शिबिरात मिळालेलं कानाचं यंत्र कपाटात पडून होतं. "त्यातनं नुसता माग ऐकू येतो," असं ते म्हणायचे.

"उजा, गाडी कितीची हाय?" त्यांनी विचारलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, बोळाच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"साडेतीनची आहे म्हणून सांग," मी आईला म्हणाले.

आईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज न काढता. कारखान्यात सगळे असंच बोलायचे. मागाच्या आवाजात ओरडण्यात अर्थ नसतो, म्हणून समोरच्याचे ओठ वाचायचे. आईही लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्याच शेडात कांड्या भरायला होती. मागाचा धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. ती संपली की लगेच दुसरी हवी. त्या भरलेल्या कांड्या पुरवणारी कांडीवाली. आई आणि अप्पा तिथेच एकमेकांशी बोलायला शिकले होते.

मला ते कधी जमलं नाही. मला अप्पांना काही सांगायचं असलं की मी आईला सांगायची आणि आई त्यांना. ते मला थेट बोलायचे, माझं उत्तर आईच्या तोंडून जायचं. मी पाचवीत असल्यापासून हे असंच होतं. तीनच माणसांचं घर, त्यात हे कुणाला वेगळं वाटत नव्हतं.

आई अजून काही सांगत होती. भराभर ओठ हलवत, मधेच मटाराच्या शेंगेकडे, मधेच स्वतःकडे बोट दाखवत. अप्पा लक्ष देऊन बघत होते. मग ते हसायला लागले, खांदे हलवून.

"काय सांगितलंस?"

"आमचं आमचं," आई म्हणाली.

मी पातेल्यातला एक दाणा तोंडात टाकला. मग म्हणाले, "या वेळी तरी त्यांना घेऊन ये की पुण्याला. महिनाभर राहा दोघं. विचार त्यांना."

"त्यांना बस लागते."

"मी गाडी करते."

"मग तू विचार." आईने साली एकत्र केल्या. "समोर तर उभे आहेत."

मी अप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. पुण्यात मला चौदा वर्षं झाली होती. पहिला एक दिवस सोडला तर ते एकदाही आले नव्हते. माझ्या पदवीदानाला नाहीत, मी घर घेतलं तेव्हा नाहीत.

"राहू दे," मी आईला म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

दुपारी मी निघाले. आईने मटार-बटाट्याचा डबा दिला आणि अप्पा पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत आले. रिक्षा वळली तेव्हा त्यांनी हात वर केला. तो शेवटचा साधा दिवस. या गोष्टीला आता सात वर्षं झाली.

मंगळवारी सकाळी पावणेसातला हुपरेकाकूंचा फोन आला. आई नळावर पाणी भरत होती, भिंतीला हात टेकून खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मेंदूत रक्तस्राव. अप्पा आत दाढी करत होते. नळ वाहत राहिला, घागर पडली, ह्यांतलं त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पाणी उंबऱ्याच्या आत आलं, पायाला गार लागलं, तेव्हा ते बाहेर गेले.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. जो तो अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा. "रामलिंगमामा, धीर धरा!" अप्पा ओरडणाऱ्याकडे न बघता जमिनीकडे बघत राहायचे. माझ्या आत्याने पाटी आणली आणि तिच्यावर खडूने लिहून ती त्यांच्यापुढे धरायला लागली. "चहा?" "औषध?" ते मान हलवायचे.

चौदाव्या दिवशी आम्ही दोघं उरलो.

सकाळी मी चहा घेऊन गेले. "अप्पा," म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वर बघितलं. आणि मी, सवयीने, पुढचं वाक्य बोलायला स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. दारात कुणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मग कप ठेवला आणि आत गेले.

त्या दिवशी मी जमाखर्चाची एक कोरी वही काढली आणि तिच्यात लिहायला सुरुवात केली. "भात चालेल का?" "पाणी तापवलंय." "गोळी घेतली का?" अप्पा चष्मा लावून वाचायचे, चष्मा काढायचे, "व्हय" म्हणायचे. वाक्यं मोजकी होती. लिहायचं म्हटलं की काय लिहायचं ते कळायचं नाही. आईला मी कधी मोजून सांगितलं नव्हतं. रागाने सांगितलेलं, अर्धवट सांगितलेलं, हातवारे करत सांगितलेलं, ती तिच्या पद्धतीने नीट करून पलीकडे न्यायची. काय करून न्यायची ते मला माहीत नव्हतं.

माझी रजा रविवारी संपत होती. अप्पांना इथे एकटं कसं ठेवायचं? दार वाजलं तर कळणार नाही, फोन वाजला तर कळणार नाही. गॅसवर काही राहिलं तर? मी वहीत लिहिलं, "माझ्यासोबत पुण्याला चला. कायमचे."

अप्पांनी ते दोनदा वाचलं.

"नको," ते म्हणाले. "मला हितंच बरं."

"का?" मी लिहिलं.

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे परत दिली. "तुला तिकडं तुझी माणसं असतात, ऑफिसची, सोसायटीची. मी काय करू तिथं? मोठ्यानं बोलतो मी."

मी शुक्रवारी पुन्हा लिहिलं, शनिवारी सकाळी पुन्हा. उत्तर तेच. हुपरेकाकू म्हणाल्या, "अगं, इंदूवहिनी असत्या तर त्यांनी बरोबर वळवलं असतं." ते मलाही ठाऊक होतं.

शनिवारी दहाच्या सुमाराला ऑफिसमधून पल्लवीचा फोन आला. ती माझ्याच टीममध्ये होती, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. रजेवरच्या माणसाला फोन करावा लागला म्हणून आधी तिने तीनदा सॉरी म्हटलं.

"बोल गं."

"गडहिंग्लजच्या त्या लॅबचे काल पुन्हा अकरा रिपोर्ट गायब झाले. आपल्याकडे दिसतंय 'पाठवले'. पेशंटला काही मिळालेलं नाही. लॅबवाले भडकलेत. त्यातला एक रिपोर्ट डायलिसिसच्या पेशंटचा होता."

"तक्रारीची नोंद?"

"तीच तर गंमत आहे. काहीच नाही. कोरं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात बघितलं नाही. आपल्या मॅनेजरना वाटतंय मीच पुसलं."

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, कानाला हेडफोन लावला. समोरच्या खुर्चीवर अप्पा लसूण सोलत होते. आई गेल्यापासून ते हाताला काहीतरी काम शोधत असायचे. दोन दिवसांत त्यांनी घरातला सगळा लसूण सोलून ठेवला होता. मी पल्लवीला एकेक वेळ विचारत गेले आणि ती एकेक सांगत गेली. रिपोर्ट कधी गायब होतात? सहा वाजून दोन मिनिटांनी. सहा वाजता काय होतं? संध्याकाळी काम कमी होतं, म्हणून यंत्रणा जास्तीचे डबे बंद करते.

"थांब," मी म्हणाले. "बंद कर म्हणून निरोप कुणाला जातो?"

"पॉडला."

"पॉडमधल्या कुणाला?"

"दोघांना. एकाच वेळी."

"मग छोट्याच्या हातात त्या क्षणी काय असतं?"

"काही नाही. तो लगेच बंद होतो." पल्लवी स्वतःचंच वाक्य ऐकून हळूच म्हणाली, "अगंबाई."

"मोठ्याच्या हातात मात्र अर्धवट रिपोर्ट असतात. त्याला तीस सेकंदांची मुदत आहे. तो इमानदारीत ती वापरतो. रिपोर्ट पुरे करतो, आपल्याला बाहेरून वाचता येते त्या वहीत आधीच 'पाठवले' लिहितो आणि शेजारी देतो. आणि शेजारी कुणी नाही. मग त्याने तक्रार केली..."

"ती तक्रारही छोट्यानेच बाहेर न्यायची असते."

"म्हणून तुझी नोंद कोरी."

"म्हणजे तीस सेकंद तो तिथे बोलत बसतो. एकटाच. आणि कुणाला पत्ता नाही." पल्लवी म्हणाली. "किती महिने चाललंय हे, उज्ज्वला?"

"बघावं लागेल. तू नोंदी काढ, मी तासाभरात दुरुस्ती सांगते."

फोन ठेवला आणि मी कपाळ दाबून बसले. ही शेंग मीच बांधली होती. दोघं एकत्र सुरू, दोघं एकत्र बंद, असं मीच लिहिलं होतं. तेव्हा मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं.

"मग मोठ्याला कळतं का?" अप्पांनी विचारलं. "धाकटा गेलाय ते?"

"नाही ना," मी म्हणाले. "कळतच नाही. तेच तर चुकलं. त्याला वाटतं तो आहेच."

"काटाच न्हाई म्हण की."

"कसला काटा?"

"मागाला असतो. आडवं सूत आलं का न्हाई, ते चाचपून बघतो. सूत न्हाई लागलं की माग थांबतो." त्यांनी सुरी खाली ठेवली आणि दोन बोटं टेबलावर आपटून दाखवली. "काटा झिजला की माग मोकळाच चालतो. धोटा जातोय, येतोय, आवाज तसाच. लांबनं बघणाऱ्याला वाटतं काम चाललंय. जवळ जाऊन बघितलं की कापडच न्हाई."

"बरोबर. अगदी तेच झालंय. काटा बसवता येईल. पण तो नंतरचा उपाय. आधी छोट्याला थांबवून ठेवायला हवं."

"तुमचा भोंगा एकच हाय का? सगळ्यांना?"

"एकच. दोघांना एकाच क्षणी."

"मग तसंच व्हणार." अप्पा खुर्चीत पुढे सरकले. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला जॉबर दिसला. "आमच्याकडं एक नवा मालक आलता. शिकलेला. म्हणाला, सहाचा भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम कामं थांबवायची, शिस्त पायजे. कांडीवालीचं काय, तिच्या हातात त्या टायमाला काय नसतं, ती पदर झटकून चालती. माग तसा थांबत न्हाई. दमानं थांबवावा लागतो, चालू कापड कडेला आणावं लागतं. तेवढ्यात धोट्यातली कांडी संपली तर? पयल्याच दिवशी चौदा मागांवर कापड खराब झालं. मग मी त्याला म्हटलं, शेठ, कांडीवालीला भोंगा लावू नका. तिची सुट्टी मागावर. शेवटचा माग थांबला, की ती जाणार. आणि सकाळी मागाच्या आधी ती आलेली पायजे."

"आधी यायचं आणि शेवटी जायचं," मी म्हणाले.

"व्हय. मोठ्याचं झालंय का, ते धाकट्यानं बघायचं. मग जायचं. एवढंच लिहून टाक तिथं."

"एवढंच लिहायचंय. चार ओळी आहेत, अप्पा."

"तुझी आई अकरा वर्षं हुती त्या शेडात. एक दिवस माझ्या मागांच्या आधी घरी गेली न्हाई." लसणाची एक पाकळी उचलून त्यांनी ती सोलली. आधीच सोललेली होती ती.

मी लॅपटॉपवर त्या चार ओळी लिहिल्या. छोट्याने थांबायचं, मोठ्याचं दार बंद झालं का ते विचारत राहायचं, झालं की मग निघायचं. पल्लवीला पाठवल्या. आणि कप उचलायला म्हणून हात पुढे केला, तेव्हा माझं लक्ष गेलं. वही कपाटावर होती. फोन आल्यापासून मी तिला हात लावला नव्हता.

मी कप तसाच ठेवला.

"अप्पा," मी म्हणाले. साध्या आवाजात, रोजच्या वेगाने. "तुम्हाला माझं बोलणं कळतंय?"

"कळायला काय झालं? समोर बसून बोलतीयस."

"फोनवरचं पण कळलं?"

"तुझ्या बाजूचं कळलं. त्या पोरीचं काय दिसतंय मला?"

"पण आई... आईच सांगायची ना तुम्हाला. मला वाटायचं तुम्हाला फक्त तिचेच ओठ वाचता येतात."

अप्पा हसले. "ऐंशी मागांच्या शेडात चाळीस माणसं, उजा. हिंदी बोलणारी हुती, कानडी हुती. सगळ्यांचं वाचत हुतो. तुझं तर काय, तुझ्या आईचंच तोंड हाय. ओठ तसेच. बोलायला लागलीस तवापासनं वाचतोय."

"मग कधी सांगितलं का नाही?"

ते सुरीची पात अंगठ्यावर घासत राहिले. "तुला तिच्याशी बोलायला सोपं जायचं. माझ्याकडं बघितलं की अडायचीस. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय. आणि तुझ्या आईला पण आवडायचं. तू पाच शब्द बोलायचीस, ती मला पंचवीस सांगायची."

"म्हणजे काय सांगायची?"

"मटार सोलत हुती त्या दिवशी, तवा म्हणाली, उजा म्हणतीय मी धाकटा डबा आणि तुम्ही मोठा. पोरगी आपल्यावरनंच शिकलीय सगळं." अप्पा पुन्हा हसले. "तू तसं म्हणाली न्हवतीस. बघत हुतो की मी. दारातनंच."

"आईला माहीत होतं? तुम्हाला माझं वाचता येतं ते?"

"तिला काय माहीत न्हवतं?"

मला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यात थांबलं. बोलायला लागल्यापासून, ते म्हणाले होते. म्हणजे नेहमीच. म्हणजे त्या दिवशीही.

तो दिवस मी कुणाला सांगितलेला नाही. मी अठरा वर्षांची होते, बारावीला चांगले मार्क पडले होते आणि इंजिनीअरिंगला पुण्यात प्रवेश मिळाला होता. आई आणि अप्पा दोघं मला होस्टेलवर सोडायला आले. ऑफिसच्या खिडकीशी मुलींची रांग होती. कारकुनाने माझं नाव विचारलं आणि अप्पांनी, त्याला ऐकू जावं म्हणून, शेडात ओरडावं तसं सांगितलं, "उज्ज्वला रामलिंग हावळ! माझी मुलगी! तालुक्यात दुसरी आलीया!" रांग हसली. एका मुलीने मागून "आलीया" म्हणून नक्कल केली, दुसरीने तोंडावर हात ठेवला. मी आईला दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकाला नेलं. अप्पा तिथून पंचवीस-तीस पावलांवर होते, ट्रंकेला बांधलेली वळकटी सोडत. मी आईला म्हणाले, पुढच्या वेळी तू एकटी ये. त्यांना आणू नकोस. मला त्यांची लाज वाटते.

मी अगदी हळू बोलले होते. कुणालाही ऐकू जाणार नाही असं. अप्पा त्या वेळी ताठ उभे राहून आमच्याकडे बघत होते, हातात दोरी. त्यांनी हात वर केला होता, हसले होते. मीही हात वर केला होता.

त्यानंतर त्यांना बस लागायला लागली. ते वाक्य आईचंच असणार. मला सांगितलेलं, त्यांना सांगितलेलं, की दोघांनी मिळून ठरवलेलं, ते आता विचारायला ती नव्हती.

"अप्पा," मी म्हणाले. "होस्टेलच्या दिवशी..."

त्यांनी झटकन मान वळवली. खिडकीकडे. "रिक्षा कुणाची आली गं?" त्यांनी विचारलं.

बोळात रिक्षा नव्हती, आणि असती तरी ती त्यांना ऐकू आली नसती. मी बोलायची थांबले. ऐकू येणाऱ्या माणसाला नको ते ऐकायचं नसलं तर त्याला उठून जावं लागतं. त्यांनी नुसती नजर काढून घेतली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, आम्ही बोलत असताना ते बाहेर बघतात कारण त्यांना कळत नाही.

मी उठले आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या आणि खिडकीच्या मधे उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले. पासष्ट वर्षांचा माणूस, सुरी हातात घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता.

मी खाली बसले. सुरी काढून टेबलावर ठेवली. त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. लसणाचा वास येत होता. मी वाट बघितली. आई असती तर काहीतरी सांगून तिने हे सोपं केलं असतं, त्यांना वेगळं, मला वेगळं. बराच वेळ गेला. लॅपटॉपवर पल्लवीचे निरोप येऊन पडत होते.

मग त्यांनी डोळे उघडले.

नुसते ओठ हलवले असते तरी चाललं असतं. त्यांना तेवढं पुरलं असतं, आणि बोळात कुणाला काही कळलं नसतं. दार उघडं होतं, समोर हुपरेकाकू कपडे वाळत घालत होत्या. मी मोठ्याने बोलले, ते होस्टेलच्या त्या खिडकीशी बोलले होते तितक्या मोठ्याने.

"अप्पा, त्या दिवशी मला तुमची लाज वाटली. मीच आईला सांगितलं, त्यांना आणू नकोस. तुम्ही ते वाचलंत आणि मला हात केलात. मी चुकले. मला तुम्ही माझ्या घरी हवे आहात. सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलत. पुण्याला चला, अप्पा."